आतलं पाहून येणारी गोळी

वलगाव,
८ जानेवारी २०२५

चि. प्रणालीस मावशीचा आशीर्वाद.

पोरी, चार दिवस झाले. तुही गोळी अजून निघाली नाही.

तू म्हणे दोन दिवसात, फार तं तीन दिवसात बाहेर येते. शनिवारी तुह्या अकोल्याच्या दवाखान्यात गिळली, आज बुधवार. मी रोज पाहून राहिली. तू देलेला तो प्लास्टिकचा डबा अन् चाळणी मी खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून संडासाच्या मागं ठेवली आहे. सकाळी सगळे कामाले लागले का मी डबा घेतो, पाणी टाकतो, काडीनं पाहतो अन् चाळतो. साठीले आलेल्या बाईले काय काय करा लागते बाप्पा. दहादा हात धुतो, तरी देवाची शेवंती तोडाले मन होत नाही. फुलं सुनेले तोडाले लावतो.

पत्र काहून लिहून राहिली म्हणशील. फोन देवानंदच्या खिशात असते अन् तो पहाटेपासून अमरावतीच्या मंडीत. दुपारी घरी आला का फोन सुनेच्या हातात. मले एका कानानं ऐकू येत नाही म्हणून ती स्पीकर लावून देते अन् तिथंच बसून पालकाच्या जुड्या बांधते. पौर्णिमा पोरगी वाईट नाही, पण तिच्यासमोर मी हे कसं बोलू. घरी मी सांगतलं का प्रणालीकडे दोन दिवस राहाले चालली. गोळीचं कोणालेच माहीत नाही. देवानंदले तं अजिबात नाही.

पोस्टात पाकीट मागतलं तं तिथला माणूस माह्या तोंडाकडे पाह्यतच राहिला. आजकाल कोणी पत्र लिहीत नाही म्हणे.

मले एवढं सांग, ती आत कुठं अडकली तं काय होते. समजूत काढू नको. खरं लिहिजो. मले भेव लागून राहिलं.

तुही मावशी माणिक


अकोला,
११ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र आज मिळालं. आधी एक गोष्ट, घाबरू नकोस. काही जणींना पाच-सहा दिवसही लागले आहेत. तू साधी भाजी-भाकरी खा, पाणी भरपूर पी आणि मळ्यात चालत राहा.

मी तुला त्या दिवशी घाईत नीट समजावलं नव्हतं, आता सांगते. आपल्या लहान आतड्यात जे जंतू असतात ते पाहायचे तर आजवर तोंडातून लांब नळी घालावी लागायची. ही गोळी नुसती गिळली की ते काम करते. तिचं वरचं लाल आवरण आत गेल्यावर विरघळतं. मग आतली पांढरी डबी उघडते, तिथला थेंबभर रस ओढून घेते आणि पुन्हा बंद होते. म्हणजे बाहेर येते ती पांढरी, वाटाण्यापेक्षा जराशी मोठी. तू लाल शोधत असशील तर चुकतेस. पांढरी शोध.

चौदा दिवस वाट पाहायची असा आमचा नियम आहे. त्यानंतर एक एक्स-रे काढायचा, बस. आत बारीक स्प्रिंग आहे, ती फोटोत लगेच दिसते. पोट दुखतं का, उलटी होते का, हे मात्र लिही. नसेलच. आपल्या घरात तुझ्याइतकं धडधाकट कोणी नाही.

मोठ्या मॅडमना मी अजून काही बोलले नाही. गोळीच्या चाचणीसाठी वीस बाया हव्या होत्या, तीन कमी पडत होत्या, मी रडकुंडीला आले होते आणि तू म्हणालीस, "माह्यं नाव लिही." मी आठ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून माझं काहीही कमी पडलं की तू हेच करत आलीस. त्यात तुला हा त्रास झाला, याचं मला वाईट वाटतं.

निघाली की डब्यासोबत दिलेल्या पिशवीत घालून ठेव. फ्रिजमध्ये नको, वहिनी घाबरेल.

तुझी प्रणाली


वलगाव,
१५ जानेवारी

चि. प्रणालीस,

अकरा दिवस झाले. लाल नाही, पांढरी नाही, काहीच नाही.

काल संक्रांत झाली. हळदीकुंकवाले आपल्या गल्लीतल्या साऱ्या बाया आल्या. सगळ्यायचं एकच, माणिकबाई किती बारीक झाल्या, पण उपासानं चेहऱ्यावर कसं तेज आलं. मी हसली. या वर्षी मी उपास वाढवले, हे तुले सांगतलंच नाही. सोमवार आहे, महाराजायचा गुरुवार आहे, शनिवार धरला, चतुर्थी अन् एकादशी तं होतीच. देवानंदच्या घरी पाळणा हलावा म्हणून नवस बोलली आहो. लग्नाले सहा वर्सं झाले. म्हणून पौर्णिमा मले काही म्हणत नाही, उलट माह्या पाया पडते.

तिच्यापायी परवा एक तमाशा झाला. तिले संडासामागं चाळणी सापडली. तिनं विचारलं तं मी म्हटलं, पालकाचं बी चाळाले आणली. बिचारीनं ती घासूनपुसून सैपाकघरात नेली अन् पीठ चाळाले बसणार तवा मी धावत जाऊन हिसकली. ती म्हणे, आई, तुमाले काय झालं. तू हे वाचून हसशील. मले हसू नाही आलं. मी मागं जाऊन बसली अन् रडली.

आता जे मनात आहे ते लिहितो. तुह्या आजीले, माह्या मायले, असंच पोटाचं झालं होतं. अमरावतीले नेलं. डॉक्टरनं पोट फाडलं, आत पाह्यलं अन् काही न करता परत शिवून टाकलं. म्हणे घरी न्या. अकराव्या दिवशी गेली. मी एकोणीस वर्षाची होती, तुही आई बारा वर्षाची. मायचं डोकं माह्या मांडीवर होतं. जाता जाता ती एकच बोलली, "माह्यं पोट उघडू द्यायचं नव्हतं." मी ते कोणाले सांगतलं नाही. तुह्या आईले बी नाही.

गोळी काढाले पोट उघडा लागते काय? हो का नाही, एवढंच लिहिजो.

माणिक मावशी


अकोला,
१८ जानेवारी

मावशी,

आज चौदावा दिवस आहे.

काल मी फोन केला तर तू म्हणालीस, सगळं ठीक आहे, थंडी बहुत पडली. मला मागे वहिनीच्या बांगड्या ऐकू येत होत्या. फोनवर बोलणारी तू आणि पत्रात लिहिणारी तू या दोन वेगळ्या बाया आहेत. मला पत्रातलीचं ऐकायचं आहे.

म्हणून आधी मी खरं सांगते. तू आलीस त्या दिवशी सात बाया रांगेत होत्या. प्रत्येकीला बावीस प्रश्न तोंडी विचारायचे, तिचं उत्तर ऐकायचं आणि मगच फॉर्मवर खूण करायची, असा नियम आहे. मी तुला एकही प्रश्न विचारला नाही. तू बाकावर बसून माझ्या स्वेटरचं तुटलेलं बटण लावत होतीस. माझी मावशी, तिचं मला काय माहीत नाही, असं वाटलं मला. सगळीकडे 'नाही'वर खुणा केल्या आणि तुझी सही घेतली. तू न वाचता सही केलीस, कारण कागद माझ्या हातात होता.

ते प्रश्न आता विचारते. जेवल्यावर पोटात कळ येते का? उलट्या होतात का? सहा महिन्यांत वजन उतरलं आहे का? घरात कोणाला आतड्याचा आजार होता का? हा शेवटचा प्रश्न मी तुला विचारला असता तर आजीचं मला तेव्हाच कळलं असतं. ज्यांचं आतडं कुठे अरुंद झालेलं असतं त्यांना ही गोळी द्यायचीच नसते. ती तिथे जाऊन बसते.

पोट उघडायला लागतं का, असं तू विचारलंस. बहुतेक वेळा नाही. 'नाही' एवढंच लिहिणार होते, पण तू खरं लिहायला सांगितलं आहेस. कधी कधी लागतं.

तू अकोल्याला ये. प्रणाली आजारी आहे असं घरी सांग. एक्स-रेला दोन मिनिटं लागतात, काही टोचत नाहीत, काही कापत नाहीत. मला फार भीती वाटते आहे मावशी. तुझी वाटते, आणि तुझ्यापासून कशाला लपवू, नोकरीचीही वाटते. मॅडमना कळलं की मी न विचारता फॉर्म भरला, तर मला त्याच दिवशी काढतील. पुन्हा कुठे कोणी ठेवणार नाही.

प्रणाली


वलगाव,
२२ जानेवारी

चि. प्रणाली,

निघाली. सोमवारी सकाळी निघाली. लाल, होती तशीच. मले इतकी किळस आली का मी ती खताच्या खड्ड्यात फेकून देली अन् वरून दोन टोपले शेण टाकलं. तुले परत पायजे होती हे मागून आठवलं. चुकलं माह्यं.

तुह्या प्रश्नायचं उत्तर, नाही, नाही, नाही. वजन उपासानं उतरलं. तू भरलं ते बरोबरच भरलं. आता मॅडमले काही सांगू नको, अन् अकोल्याले काही मी येत नाही, शेवंतीचा तोडा चालू आहे. हे सगळं आता बंद कर. टायमावर जेवत जाय.

मावशी


अकोला,
२६ जानेवारी

माझी मावशी,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. मग बाहेर जाऊन दोन कप चहा प्यायले. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवले. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

गोळी फेकलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मॅडम जरा कुरकुरल्या, एक नमुना गेला म्हणाल्या. मी रजिस्टरमध्ये 'निघाली, सहभागी महिलेने टाकून दिली' असं लिहिलं आणि पान उलटलं. तू पत्रात लाल लिहिलंस, ते घाईत लिहिलं असशील. पांढरीच असणार.

उन्हाळ्यात येते चार दिवस. तुझ्या हातची वांग्याची भाजी खायची आहे.

तुझी प्रणाली


अकोला,
१९ फेब्रुवारी

मावशी,

तीन आठवड्यांहून जास्त झाले, तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही. खरं तर लिहायला बसायचे आणि उठायचे.

काल फोन केला. वहिनी म्हणाली, आईंचा उपास आहे, पडल्या आहेत. मी म्हटलं, आज मंगळवार, आज कसला उपास? ती म्हणाली, मंगळवारही धरला त्यांनी, ऐकतच नाहीत, आमच्यासाठी किती करतात. फोन ठेवून मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तुझे उपास मोजले. महिन्यात तुला जेवायचे दहाच दिवस उरतात.

मी तुझ्या घरात वाढले आहे. बाईने उपास धरला की तिला 'का जेवली नाहीस' असं कोणी विचारत नाही, हे मला माहीत आहे. ताट परत गेलं तरी कोणी बघत नाही. तू जेवत नाहीस की तुला जेवता येत नाही, हे मी तुला संक्रांतीच्या पत्रानंतरच विचारायला हवं होतं.

आणि अजून एक. लाल आवरण आत विरघळतंच. लाल गोळी बाहेर येऊच शकत नाही. तुझं पत्र वाचलं त्याच क्षणी मला हे कळलं होतं. तरी मी रजिस्टरमध्ये 'निघाली' असं लिहिलं. घाईत लिहिलं असशील, असं तुला लिहिलं ते स्वतःला पटवायला.

गोळी आतच आहे ना मावशी?

प्रणाली


वलगाव,
२२ फेब्रुवारी

प्रणाली,

म्हणजे तुले कळलं होतं.

तं आता आईक. मी ते पत्र लिहून बंद करून राहिली होती तवा माह्या लक्षात आलं का लाल लिहिलं आहे. तू पांढरी सांगतली होती. खोडाले पेन उचलला अन् ठेवून देला. म्हटलं पाहू, पोरगी धरते काय. तू धरशील, दुसऱ्या दिवशी गाडीत बसून येशील अन् मले हाताले धरून नेशील, असं वाटलं. मी आठ दिवस रस्त्याकडे पाहून राहिली. मग तुह्यं पत्र आलं, वांग्याच्या भाजीचं.

आता काही लपवत नाही. मागच्या नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीपासून हे चालू आहे. जेवलं का तासाभरानं पोटात गुरगुर होते, बेंबीजवळ गोळा उठते, इकडून तिकडं फिरते, इतकी कळ येते का मी पदराचा बोळा तोंडात धरतो. मग विहिरीमागं जाऊन सारं ओकून येतो. ओकलं का बरं वाटते. पहिले भाकर बंद झाली, मग वरण-भात. आता पातळ च्या अन् अर्धं केळं एवढंच राहते. पोलकं तीनदा आत घेतलं. शनिवारचा उपास धरला तो देवासाठी नाही धरला. शनिवारी दुपारी सगळे घरी जेवाले असतात, माह्या ताटाकडे पाहतील म्हणून धरला. पाळण्याचं मागून सुचलं. पौर्णिमा माह्या पाया पडते तवा मले जमीन फाटून आत जावं वाटते. तिले वाटते मी तिच्यासाठी उपाशी आहो.

अन् तू समजतेस का मी तुही संख्या भराले आली. नाही पोरी. तू फोनवर सांगतलं होतं का गोळी आत जाते, सगळं पाहून येते अन् पोट फाडा लागत नाही. मले तेच पायजे होतं. मले पाहायचं होतं माह्या पोटात काय आहे. मायले होतं तेच आहे काय. गोळी तुले सांगन, तू मले एकटीले सांगशील अन् घरात कोणाले कळणार नाही, असं मी ठरवून आली होती. तू प्रश्न विचारले असते तरी मी नाहीच म्हटलं असतं. खरं सांगतलं असतं तं तू गोळी देली नसती.

कालपासून पाणी बी राहून नाही राहिलं. पोट मडक्यावाणी फुगलं आहे. मले मराचं इतकं भेव नाही. मायवाणी मले उघडतील अन् न बोलता शिवतील, त्याचं भेव आहे. त्या डॉक्टरचं तोंड मले अजून दिसते.

देवानंदले सांगू नको. तुले माही आण आहे.

माणिक


अकोला,
८ मार्च

मावशी,

तुझी आण मी मोडली, हे तुला आता माहीतच आहे.

तुझं पत्र पंचवीस तारखेला सकाळी मिळालं. दोन पानं वाचली आणि देवानंददादाला मंडीत फोन लावला. मागे लिलावाचा गलका होता, मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. सगळं सांगितलं, गोळीचं, फॉर्मचं, उपासाचं. तो म्हणाला, "माह्या मायले उंदीर समजले काय तुमी?" आणि फोन ठेवला. त्याच संध्याकाळी त्याने तुला अमरावतीला हलवलं, हे मला वहिनीने कळवलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या समोर उभी राहिले आणि रजिस्टरचं ते पान उघडून दाखवलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ताबडतोब तुझ्या डॉक्टरांना फोन करून गोळीची सगळी माहिती दिली, मग मला ओळखपत्र टेबलावर ठेवायला सांगितलं. गोळीची सगळी चाचणी चौकशी होईपर्यंत थांबवली आहे. बाकीच्या एकोणीस बायांना आता मॅडम स्वतः भेटून सगळे प्रश्न पुन्हा विचारताहेत. त्यांनी केलं ते बरोबर केलं.

वहिनी रोज मेसेज करते. ऑपरेशन करून वीतभर आतडं काढलं, अरुंद झालेल्या जागेवर गोळी जाऊन बसली होती, हे तिनेच कळवलं. डॉक्टर म्हणाले, ती जागा आज ना उद्या बंद होणारच होती. गोळीमुळे आधी बंद झाली, आणि गोळीमुळेच तू दवाखान्यात पोहोचलीस. यातलं कुठलं धरायचं ते मला कळत नाही. काढलेला तुकडा तपासायला पाठवला आहे. आतड्याचा क्षय असेल तर गोळ्या घेऊन माणूस खडखडीत बरा होतो. आणि दुसरं असेल तर, ते नाव मला लिहवत नाही.

मी दोन तारखेला आले होते. दवाखान्याच्या फाटकाशी तासभर उभी होते. दादा औषधाच्या दुकानातून परत आत जाताना दिसला, त्याची दाढी वाढलेली होती. मी झाडामागे झाले. मग अकोल्याची गाडी पकडली. तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने यायचं ते मला सुचलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मला माफ कर, असं म्हणायचाही हक्क नाही.

प्रणाली


अमरावती, दवाखान्यातून
११ मार्च

प्रणाली,

बाजूच्या खाटेवरच्या बाईचा जावई आज अकोल्याले चालला, त्याच्या हाती हे देतो. पोस्टाचा भरोसा नाही अन् मले दोन दिवस थांबता येत नाही. अक्षर वाकडं येऊन राहिलं, हाताले सुई आहे.

फाटकापर्यंत येऊन परत गेली हे वाचून मले असा राग आला का उठून दोन ठेवून द्याव्या वाटल्या. मी इथं नळ्या लावून पडली आहो, दार वाजलं का वाटते प्रणाली आली. कधी सफाईवाली येते, कधी च्यावाला येते. तू झाडामागं.

देवानंद बोलला ते सोडून दे. त्याले मी सांगतलं का गोळी मीच मागून घेतली, तुले फसवून घेतली. तो रडला. म्हणे, आई, आमी इतके परके होतो काय. पौर्णिमाले बी सारं सांगतलं. ती दोन दिवस नुसती माह्ये पाय दाबत होती. काल म्हणे, आता माह्या नावानं उपाशी राहाचं नाही.

मले त्यायनं उघडलं अन् काहीतरी काढून शिवलं, म्हणजे मायवाणी तसंच शिवलं नाही. टाके सुकत आले. मले वाटलं होतं का एवढं झालं तं भेव जाईन. नाही गेलं.

आता मी काहून लिहून राहिली ते आईक. तुकड्याचा रिपोर्ट आला आहे. आज सकाळी पौर्णिमा च्या आणाले खाली गेली होती, तवा तपासणीवाल्याचा माणूस आला अन् पाकीट माह्या हातात देऊन गेला. मोठे डॉक्टर नागपूरले गेले, परवा येतील. मी पाकीट उशीखाली ठेवलं. पौर्णिमा आली तं मी म्हटलं, अजून आला नाही. दुपारी देवानंदनं विचारलं, त्याले बी तेच सांगतलं. तो खाली जाऊन तपासणीवाल्याले फोन लावून भांडून आला, ते म्हणे देला, हा म्हणे नाही भेटला. अजून बी मी खोटंच बोलून राहिली, पाह्य. सवय लागली.

पाकिटावर माह्यं नाव आहे, ते वाचता आलं. आतलं इंग्रजीत राहते. पण इंग्रजी येत असतं तरी मी फोडलं नसतं. डॉक्टर वाचतील तं मी त्यायच्या तोंडाकडे पाहीन, अन् मले ते तोंड पाहायचं नाही. देवानंद वाचन तं तो मले खोटं सांगन, माह्याच पोटचा आहे. तू बी माह्याशी खोटं बोलली, मी तुह्याशी बोलली. दोघीयले आता एकमेकीचं खोटं ओळखता येते. म्हणून तूच पायजे.

हे पत्र हातात पडन तवा जी गाडी मिळन तिच्यात बस. फाटकाशी थांबू नको, दुसरा माळा, डाव्या हाताले तिसरी खाट. देवानंद काही बोलला तं बोलू दे. माह्याजवळ बस, पाकीट फोड अन् त्यात जे असन ते जसंच्या तसं वाच.

मी पाकिटावर हात ठेवून पडली आहो.

माणिक मावशी